आजोबांना विचारून सांगते

सिनेमा संपला, दिवे लागले आणि किर्स्टनबाईंनी विचारलं, "काय वाटलं?"

वर्गात आधीपासूनच खसखस पिकली होती. बाई डेन्मार्कहून आलेल्या. ग्रीनलंडच्या या गावातला त्यांचा पहिला हिवाळा नुकता कुठे सरला होता. मोठ्या हौसेनं त्यांनी दोन साहसपट आणले होते. एकात कॅनडातला एक गडी होडीसकट धबधब्यावरून खाली झेपावतो. दुसऱ्यात एक दाढीवाला कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची निमुळती होडी, घेऊन ग्रीनलंडच्याच किनाऱ्यानं एकटा जातो. मुलांचे डोळे पाणावतील अशी बाईंची अपेक्षा होती. पाणावले खरे, पण हसून हसून.

मिनिक म्हणाला, दाढीवाला सारखा 'मी एकटा, मी एकटा' म्हणून रडतोय, मग कॅमेरा काय त्याच्या सासूनं धरला होता? इव्हालूचं म्हणणं असं की मागे सील चांगला डोकं वर काढून बघतोय आणि हा शहाणा पाकिटातली पावडर कालवून खातोय. धबधबेवाल्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत झालं. त्याला घरी काही कामधंदा नसावा.

बाईंनाही हसू आवरेना. हसली नव्हती ती एकटी आविआया. पोरगी चौदा वर्षांची, एरवी खिदळण्यात सगळ्यांच्या पुढे.

"तो उलटला," ती म्हणाली, "आणि परत वर आला. मला तेवढं शिकायचंय."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंना त्याचं कारण ठाऊक नव्हतं. खाडीतला बर्फ सुटला होता आणि सोमवारपासून उथळ पाण्यात कयाकचा वर्ग सुरू व्हायचा होता. मग दे की नाव, असं त्या सहज म्हणाल्या.

"आजोबांना विचारून सांगते," आविआया म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

आजोबांची कयाक खाडीच्या तोंडाशी उलटली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या घरात कयाकचं नाव काढायची सोय राहिली नव्हती. मोटरबोट चालायची, कयाक नाही. आई म्हणायची, माझी ना नाही, आजोबांना विचार. आजीपाशी जावं तर तिचं उत्तर ठरलेलं. ती नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, नुसती खोलीकडे मान वळवायची आणि म्हणायची, "ह्यांचा शब्द शेवटचा."

आणि 'हे' म्हणजे महा हट्टी. सगळं गाव त्यांना डोक्यावर घेऊन नाचायचं, त्यामुळे आणखीच. बूट चढवायला माणूस लागायचा. पुढचे दात नाहीत म्हणून आजी त्यांना सुपातले मांसाचे तुकडे बारीक करून द्यायची, वर फुंकर घालून. दुपारची झोप चुकली की घर डोक्यावर घ्यायचे. धक्क्यावर मात्र कधी पाऊल टाकायचे नाहीत. लाट नुसती आपटली तरी कुणाचा तरी हात घट्ट धरायचे.

आविआयानं हरतऱ्हेनं मनधरणी केली. ज्येष्ठमधाच्या गोळ्या आणून दिल्या. आजोबांनी त्या दाढेखाली धरून सावकाश संपवल्या आणि नाही म्हणून सांगितलं. तिनं पाय दाबून दिले. पाय दाबून घेतले आणि पुन्हा नाहीच म्हणाले. शेवटी ती रडकुंडीला आली. कयाकचा वर्ग वर्षातून एकदाच भरायचा. यंदा हुकला तर पुढच्या वर्षी हीच रडकथा.

किर्स्टनबाईंना राहवेना. मी येऊन समजावते, म्हणाल्या. त्यावर आविआयानं सांगितलं की अनोळखी माणूस दिसला की आजोबा तोंडच उघडत नाहीत. मग बाईंनी तो सिनेमाच तिच्या फोनवर घालून दिला. आणि शनिवारी आजोबांचा वाढदिवस आहे म्हटल्यावर कॉफीला यायचं कबूल केलं.

त्या संध्याकाळी आविआया आजोबांच्या पांघरुणात शिरली. दोघांनी फोन मध्ये धरला. दाढीवाला 'मी एकटा' म्हणाला तेव्हा आजोबा फिसकन हसले. मग कयाक उलटली आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. काळं पाणी, वर कयाकचा नुसता तळ. मग वल्हं फिरलं आणि दाढीवाला नाक शिंकरत वर आला.

"पुन्हा दाखव," आजोबा म्हणाले.

पुन्हा दाखवलं. मग पुन्हा. आजी हात पुसत दारात येऊन उभी राहिली. आजोबा हळूच बोलले.

"मला हे येत नव्हतं."

त्यांनी फोन तिच्या हातात ठेवला.

"तू शिक," ते म्हणाले. "आणि मग मला शिकव."

आजी रडता रडता हसायला लागली. रात्रीच्या आत ही बातमी गावभर झाली. आविआयाला तर आनंदानं झोप लागेना.

शनिवारी किर्स्टनबाई ठेवणीतला स्वेटर घालून निघाल्या. जुन्या शिकाऱ्याला शोभेल अशी भेट म्हणून त्यांनी भारीपैकी तंबाखूचा डबा घेतला होता, आणि आदरानं बोलायची चार वाक्यं पाठ केली होती. दारात बुटांचा ढीग, आत माणसांचा. कॉफी, केक आणि वाळवलेला मासा एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता. आविआयानं धावत येऊन बाईंना मिठी मारली, सोमवारी नक्की म्हणाली. आजीनं त्यांचा हात धरला आणि गर्दीतून वाट काढत त्यांना टेबलापाशी नेलं.

"बाजूला व्हा रे," ती लाजत म्हणाली, "बाईंना ह्यांना भेटायचंय."

माणसं बाजूला झाली. खाडीत बुडून गेलेल्या म्हाताऱ्या आक्कालुकचं नाव, आणि इथल्या रीतीनं नावाबरोबर त्याचं नातंही घेऊन पुढच्याच वसंतात त्या घरात जन्माला आलेले, आविआयाच्या पाठचा भाऊ असलेले आजोबा स्टुलावर चढून उभे होते. त्यांनी गाल फुगवले आणि केकवरच्या सहाच्या सहा मेणबत्त्या एका फुंकरीत विझवल्या.