दर्शनी खोली

केसवालीनं शेवटचा विग काचेत मांडला आणि रस्त्यावर जाऊन बाहेरून बघून आली. झकास दिसत होतं. आखूड, लांब, कुरळे, सरळ, सगळे ओळीनं. वर फाउंडेशनची भलीमोठी पाटी आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत तिचं काम: किमोनं केस गेलेल्या बायकांना मोफत विग.

बोळातून म्हाताऱ्यांना मोफत चष्मे देणारी चष्मेवाली आपली खोकी मागच्या खोलीकडे ओढत होती. कालपर्यंत ही दर्शनी खोली तिची होती, आणि मागची केसवालीची. फाउंडेशनच्या पंखाखाली अशी लहान लहान कामं एकाच इमारतीत चालत. कुणाचीच वेगळी नोंदणी नाही, वेगळं खातं नाही. कुणाला कुठली खोली, हेही फाउंडेशनच ठरवी.

"ताई, छान मांडलंय हो," चष्मेवाली म्हणाली.

"मग! आम्हालाही जरा उजेड नको का?"

तिला चष्मेवालीचा हेवा वाटे, आणि तो साधासुधा नव्हता. नुसतं बघितलं तरी पोटात दुखायचं. नाकावर चष्मा चढला की म्हातारा जागच्या जागी हसे, चार जणांना सांगे, फोटोलाही उभा राही. फाउंडेशनच्या पुस्तिकेवर दर वर्षी असाच एखादा हसरा म्हातारा. आणि केसवालीकडून विग नेलेल्या बायका रस्त्यात भेटल्या तर मान फिरवून पुढे जात. फोटोचं तर नावच नको. म्हणून ती व्यवस्थापकांच्या मागे हात धुऊन लागली होती. शेवटी ते वैतागले. "घ्या दर्शनी खोली. पण वर्षभर पुन्हा अदलाबदल नाही. आणि माणसं दिसली पाहिजेत हं, नाहीतर पुढच्या वर्षी तुमचं काम चालू ठेवणं मला जड जाईल."

दुपार झाली तरी कुणी आत आलं नाही. लोक काचेशी थांबत, बघत आणि चालू लागत.

मग चष्मेवालीच एका बाईला घेऊन आली. बाईच्या डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला. "ताई, या मागच्या दारानं आल्यात. तुमच्याकडेच."

बाई उंबऱ्यातच थबकली. समोर काच, काचेपलीकडे बसची रांग. तिचा हात स्कार्फवर गेला. "इथं काढायचा?"

"कुणी बघत नाही हो," केसवाली म्हणाली. बाहेर दोन पोरी काचेला नाक लावून उभ्या होत्या.

"मी येते नंतर."

"अहो, थांबा," चष्मेवालीनं तिचा हात धरला. "माझ्या खोलीत बसा. ताई, आरसा आणि दोन-तीन विग देता?"

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. पण केसवालीनं आरसा आणि तीन विग उचलले.

मागची खोली तिनं येता-जाता शिव्या घातलेलीच खोली होती. वर एवढीशी खिडकी, दाराला आतून कडी. चष्मेवालीनं खोकी सरकवून खुर्चीला जागा केली, कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. बाईनं स्कार्फ सोडला. दुसरा विग केसवालीनं तिच्या डोक्यावर नीट बसवला, कानामागचे केस सारखे केले. बाईनं आरशात पाहिलं, मग वळून चष्मेवालीला विचारलं, "कसा दिसतोय विग?"

"विग कुठाय? मला तर तुम्हीच दिसताय."

बाई हसली. चांगली मोठ्यानं हसली. या खोलीत असं कुणी हसलेलं केसवालीनं कधी ऐकलं नव्हतं. इतकं साधं वाक्य आपल्याला एकदाही सुचू नये, याचा तिला मनस्वी संताप आला, आणि तो संताप चष्मेवालीवरच निघावा असं वाटलं.

निघताना बाईनं चष्मेवालीचे दोन्ही हात हातात घेतले आणि केसवालीकडे वळून विचारलं, "वॉर्डात आणखी दोघी आहेत. लाजतात बिचाऱ्या. यांच्याकडेच पाठवू ना त्यांना?"

"पाठवा," केसवाली म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ती पुढच्या खोलीत आली. बाहेर एक तरुण काचेत स्वतःला बघत भांग पाडत होता. विगांकडे त्याचं लक्षही नव्हतं. कंगवा फिरवून झाला, पुन्हा फिरवला, मग समाधानानं मान हलवून तो रांगेत जाऊन उभा राहिला. केस चांगले दाट होते मेल्याचे.