लुक फॉर

आमचे बाबा इंग्रजीच्या शिकवण्या घेतात. 'लुक फॉर' आणि 'फाइंड' यांतला फरक सांगताना त्यांचं उदाहरण ठरलेलं. "लुक फॉर म्हणजे नुसतं शोधणं, सापडेलच याची गॅरंटी नाही. आमच्या घरी लुक फॉर मी करतो, फाइंड आमची ही करते."

माझ्या बाळाला सांभाळायला आई महिनाभर माझ्याकडे आलीये. तेव्हापासून रोज संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल ठरलेला.

"अगं, नेलकटर कुठंय?"

"टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, उजव्या कोपऱ्यात."

मग नेलकटर सापडेपर्यंत गप्पा, आणि सापडल्यावर तासभर आणखी गप्पा.

काल तर बाबा अगदी रडकुंडीला आले होते. "अगं, चष्मा सापडत नाहीये. सगळं घर पालथं घातलं!"

मी फोनमध्ये डोकावले. चष्मा बाबांच्या नाकावरच होता. मी हसत सांगणार, तेवढ्यात आईने मला जोरात चिमटा काढला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने बाबांना म्हणाली,


"आधी फ्रिजवर बघा, मग कपाटावर. आणि सावकाश शोधा हं, सापडायची काही घाई नाहीये."