नावाची हाक

"सहा... आणखी एक पायरी खाली..." एवढं बोलून पुण्याच्या डॉक्टरीणबाई लॅपटॉपच्या पडद्यावर उघड्या तोंडानं थिजल्या. महाल भागातली वीज गेली होती, आणि तिच्याबरोबर घरातलं नेटही.

गोविंदराव खुर्चीत डोळे मिटून बसले होते. अटॅक आल्यापासून या माणसानं झोपेची धास्तीच घेतली होती. झोपलो तर उठणार नाही, एवढंच डोक्यात. म्हणून मुलानं हा ऑनलाइन संमोहनाचा घाट घातला होता.

"अजी," तुळसाबाई नवऱ्याजवळ येऊन म्हणाल्या. "अजी, उठा न! लाईन गेली."

त्यांची मान आणखीच छातीवर कलली.

तेव्हा तुळसाबाईंना आठवलं. बाईंनी आधीच बजावलं होतं, की दुसरा कुठलाही आवाज कानी पडला तर ते अजून खोल जातील; नेट तुटलं तर फक्त नावानं हाक मारायची, डोळे उघडतील. तुळसाबाईंनी खुशाल मान डोलावली होती. पुण्याच्या बाईला काय सांगावं, की लग्नातला उखाणा सोडला तर बेचाळीस वर्षांत ते नाव आपल्या तोंडून कधी निघालंच नाही? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. आणि या छातीत आता घटवायला उरलं होतं तरी किती!

शेजारचे मारोतराव असते तर त्यांनी हाक मारली असती, पण ते गेले होते उमरेडला. मुलगा फोन उचलेना.

गोविंदरावांचा श्वास संथ झाला. फारच संथ. तुळसाबाईंनी देव्हाऱ्याकडे बघून कान पकडले आणि कसंबसं म्हटलं, "गोविंदा!"

गोविंदरावांचे ओठ हलले. "आलो वं माय."

तुळसाबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. अशी नुसत्या नावानं हाक मारणारी एकच होती, सासू. तिला जाऊन बावीस वर्षं झाली होती. त्यांनी नवऱ्याचे खांदे धरून गदागदा हलवले.

"गोविंदा, तिकडं नोका जाऊ जी! इकडं या!"

डोळे हळूहळू उघडले.

"काहून वं ओरडून राहिली?" गोविंदराव म्हणाले. "येऊनच त राहिलो."