वाकडी रेघ

अर्धांगाच्या झटक्यात बाबांची वाचा गेली, त्याला चार महिने झाले होते. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवणारा, अक्षर केसभर कललं तरी अख्खी पाटी पुसून पुन्हा लिहिणारा हा माणूस आता नुसता भिंतीकडे बघत पडून असायचा. एक दिवस थोरल्या लेकीनं त्याच भिंतीवर कुणा आधुनिक चित्रकाराचा लिथोग्राफ आणून लावला. काळे डाग आणि त्यांच्यामधून गेलेली एक वेडीवाकडी लाल रेघ.

"अगं, त्यांच्या डोळ्यांसमोर हे कशाला?" आई कुरकुरली.

बाबा दोन दिवस चित्राकडे डोळे वटारून बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे ओठ हलले.

"रेघ..." आणि मग सगळा जीव एकवटून, "रेघ... सरळ... नाही!"

आईला रडू आवरेना. थोरली धावत आली, तर बाबांनी बोट रोखून तिलाही तेच ठणकावून ऐकवलं.

"काढायचं का गं मग ते?" आईनं डोळे पुसत विचारलं.

"मुळीच नाही," थोरली हसत म्हणाली. "त्यांच्या आवडीचं सगळं दाखवून झालं होतं, आई. म्हणून दोन दिवस हिंडून, त्यांना सगळ्यात जास्त राग येईल असं चित्र शोधलं मी."