गायब होणारे गट्टू

पुन्हा दोन गट्टू गायब होते.

एगोन गाडीशेजारी पुठ्ठ्यावर आडवा झाला आणि दाराखालची जॅक टेकवायची कड त्याने बोटांनी चाचपली. पुढचं भोक रिकामं. मागचंही रिकामं. सोमवारीच त्याने या भोकांत नवे रबरी गट्टू बसवले होते. खट् असा आवाज येईपर्यंत दाबले होते. की बसवलेच नव्हते?

वर्षभरापासून त्याला समोरचं धड दिसत नव्हतं. माणसाकडे पाहिलं तर चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा ही जुनी हिरवी गाडी त्याने पलीकडच्या गावातल्या टिलोला विकायचं ठरवलं. टिलोने खाली वाकून पाहिलं होतं. "गट्टू नसताना जॅक लावला की पत्रा चेपतो. तेवढे बसवून ठेवा, शनिवारी येऊन घेऊन जातो."

तो शनिवार गेला. गट्टू जागेवर नव्हते. पुढचाही तसाच गेला.

"पडले असतील वाटेत," बायको रोझविता आलुबुखाराचा केक कापता कापता म्हणाली.

"गाडी जागची हललेली नाही. वाट कुठून आली?"

"मग बसवायलाच विसरला असशील."

एगोनच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या विसरायची, मग माणसांची नावं. डोळे गेले ते त्याने सोसलं होतं. आता डोकंही चाललं की काय? त्याने केकची बशी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आणखी दोन गट्टू बसवले. दुपारी तो फिरायला निघाला आणि टोपी राहिली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतला. गॅरेजमधून खट् असा आवाज आला. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने त्याने निरखून पाहिलं. बागेत घालायच्या बायकोच्या चपला त्याने ओळखल्या.

"रोझविता?"

ती सावकाश बाहेर सरकली. ॲप्रनला काळं लागलं होतं. मुठीत गट्टू होता.

"मला वाटलं, माझं डोकं फिरलं," एगोन म्हणाला. "आणि तू मला तसं वाटू दिलंस."

"तुझ्या मनात हे येईल, असं मला वाटलंच नाही रे. चुकलं माझं. गाडी इतक्यात जायला नको होती, मला फक्त थोडे दिवस हवे होते."

"कशाला?"

"मी गाडी शिकतेय. एकदा नापास झाले, म्हणून बोलले नाही. तू हसला असतास." तिने गट्टू ॲप्रनला पुसला. "परवा पुन्हा परीक्षा आहे."

एगोन हसला नाही. बराच वेळ तो तिच्या चेहऱ्याच्या जागी बघत राहिला. मग पुठ्ठ्यावर आडवा झाला आणि त्याने हात पुढे केला.

"दे तो गट्टू इकडे. आणि टिलोला कळव, गाडी आता विकायची नाही, आपल्यालाच लागणार आहे."