एका दुलईत

अमेरिकेतल्या यादवीमुळे त्या साली विलायतेला इथला कापूस हवा होता. भाव इतका चढला, की अमरावतीत लोकांनी गाद्या उसवून आतला कापूसही विकला. सगुणेनं तेवढी आपल्या तान्ह्याची दुलई वाचवली होती. धास्तावून ती घडोघडी त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास पाही. धुकट सकाळी अंगणात रेच्यावर कापसातली सरकी काढणाऱ्या, गावकुसाबाहेरून मजुरीला आलेल्या मैनेचं लेकरू उघड्या तरटावर कुडकुडत होतं. उडणारी रुई त्याच्यावर स्वप्नासारखी उतरत होती. सगुणेनं त्याला उचललं. "बाप्तिस्मा घेतला म्हनून जात इसरली का व?" सासू कडाडली. "दुलई एकच हाये. माह्या नातवाले थंडी लागन!" "येशूलेबी कोनी घरात घेतलं नव्हतं, आत्याबाई. हे तर आपल्या अंगनात हाये." तिनं दोघांना एकाच दुलईत निजवलं. दोन्ही टाळूंवर रुई सारखीच बसली. सवयीनं तिचं बोट पुढे गेलं; आज दोन श्वास पाहायचे होते.