विरोधातला हात

“ठरावाच्या विरोधात कोण?” अध्यक्ष सुबरावांनी विचारलं, तेव्हा देवाप्पाचा उजवा हात सणाला आलेल्या जावयासारखा मांडीवर पडून होता. आठ महिन्यांपूर्वी वडगावात मागावर बसल्या बसल्याच अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ऐकू मात्र सगळं येत होतं. हे समितीला कुणी कळवलं नव्हतं.

समिती नवी होती. वारं गेलेल्यांची सोय कशी करायची ते त्यांनाच विचारावं, असं कुठूनसं पत्र आलं होतं. म्हणून दवाखान्यानं देवाप्पाला सदस्य केलं, पहिल्या बैठकीत हार घातला आणि दुसऱ्या बैठकीत ठराव मांडला: तळमजल्यावरची व्यायामाची खोली समितीच्या कचेरीला द्यावी, व्यायाम माडीवर न्यावा. माडीला बावीस पायऱ्या. यल्लव्वा नवऱ्याला सुताच्या हातगाडीवर घालून आठवड्यातून तीनदा त्या खोलीत आणायची. परवाच त्याची करंगळी हललेली. हातगाडी पायऱ्या चढत नाही, एवढं समितीच्या कागदात बसलं नव्हतं.

ठरावाच्या बाजूनं दोन हात झाले, विरोधात दोन. देवाप्पा राहिला. मतं सारखी पडली तर अध्यक्ष ठरवणार, आणि अध्यक्षांनी कचेरीची पाटी कालच रंगवून घेतली होती.

भिंतीकडच्या बाकावरनं यल्लव्वा उठली. नवऱ्याचा उजवा हात मनगटाला धरून तिनं वर केला. रोज अंघोळ घालताना करायची, तसाच.

सुबराव समजुतीनं हसले. सदस्य ते आहेत, तुम्ही नव्हे, म्हणाले. मतदान चालू असताना सदस्याला कुणी हात लावायचा नाही. शिवाय डावा चांगला आहे की त्यांचा.

डावा चांगलाच होता. तो खुर्चीच्या फळीची कड धरून होता. समितीच्या खुर्च्यांना हात नव्हते. डावा सुटला की देवाप्पा कलंडणार, हे त्या नवराबायकोला पक्कं ठाऊक होतं.

यल्लव्वा बाकावर जाऊन बसली. देवाप्पानं तिच्याकडं बघितलं. तिनं पदर खोचला.

डावा हात वर गेला. चांगला सरळ, शाळेतल्यासारखा. मग देवाप्पा सावकाश उजवीकडं झुकला आणि खुर्चीवरनं खाली गेला. पडला तो मेल्या अंगावर, त्यामुळं दुखलं काही नाही. फरशी गार आहे हेही कळलं नाही. तेवढीच सोय.

सगळी समिती धावली. पण यल्लव्वा आधी पोचली आणि नवऱ्याच्या पुढं आडवी उभी राहिली. तिच्या मागं, फरशीवरनं, हात अजून वरच होता.

“मतदान चाललंय न्हवं, साहेब? हात लावू नगासा,” ती म्हणाली. “आधी मोजा. मग उचला.”